आकडा बाराच का?

"बाई, कापलंय पोट आणि ठणकतोय खांदा. काही चुकलंबिकलं तर नाही ना?"

मुलाला किडनी दिल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एका मावशींनी मला हे विचारलं. पलंगावर अर्धवट उठून बसल्या होत्या आणि डाव्या तळव्यानं उजवा खांदा दाबून धरला होता. मुलगा पलीकडे आयसीयूत. त्याला लघवी चांगली होतेय ही बातमी त्यांच्यापर्यंत पहाटेच पोचली होती, त्यामुळे चेहरा खुललेला. रात्री सिस्टरनं शून्य ते दहामध्ये दुखणं किती असं विचारलं, तेव्हा त्यांनी 'दोन' सांगितलं होतं आणि चार्टवर दोनच लिहिलं होतं. मला खांद्याचं सांगताना मात्र आवाज खाली आणला. "त्याला कळू देऊ नका हं. जिवाला लावून घेईल."

मी भूलतज्ज्ञ आहे. आदल्या दिवशी साडेतीन तास त्यांच्या उशाशी मीच होते. त्यामुळे मोठ्या ऐटीत सांगितलं, "मावशी, काही चुकलेलं नाही. पोटात गॅस भरला होता ना, त्याचं दुखणं आहे. दोन-तीन दिवसांत जाईल."

"गॅस?" त्या म्हणाल्या. "कसला गॅस? हे कोणी बोललंच नाही."

खरंच कोणी बोललं नव्हतं. संमतीपत्र चांगलं सहा पानी होतं. त्यात रक्तस्राव होता, जंतुसंसर्ग होता, मृत्यूची शक्यतासुद्धा होती. गॅस नव्हता. आदल्या संध्याकाळी त्यांना तपासायला गेले तेव्हा मीही तो शब्द काढला नव्हता, कारण आमच्या लेखी ती सांगण्यासारखी गोष्टच नाही. दुर्बिणीचं ऑपरेशन म्हटलं की गॅस आलाच.

त्या गॅसच्या दाबाविषयी मला भांडायचं आहे. जिवंत दात्याची किडनी काढताना तो दाब सवयीनं बारा-पंधरावर ठेवला जातो, हे आता थांबायला हवं. सुरुवात खालून व्हावी, आणि वर जायचं तर का गेलो ते कागदावर यावं.

ज्यांचा ऑपरेशन थिएटरशी कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. दुर्बिणीनं आत पाहायचं तर आत मोकळी जागा हवी, आणि पोट एरवी रिकाम्या थैलीसारखं मिटलेलं असतं. त्यात कार्बन डायऑक्साइड भरून तंबू उभारायचा. हाच गॅस अशासाठी की आत विजेच्या हत्यारानं कापणं-डागणं चालू असताना तो पेट घेत नाही, आणि रक्तात चटकन विरघळून श्वासावाटे निघून जातो. गॅस सोडणाऱ्या यंत्राला इन्सफ्लेटर म्हणतात. दाब आपोआप राखणारं असं यंत्र जर्मनीतले स्त्रीरोगतज्ज्ञ कुर्ट झेम यांनी १९६० च्या दशकात घडवलं. ज्या सुईनं पहिला गॅस आत जातो ती त्याहून जुनी. हंगेरीच्या यानोश व्हेरेस यांनी ती क्षयरोग्यांच्या छातीत हवा भरण्यासाठी केली होती, पोटाकडे ती नंतर वळली. आपल्याकडे हे तंत्र रुजवलं ते डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी. १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांनी दुर्बिणीनं पित्ताशय काढलं, देशात पहिल्यांदाच. सरकारी रुग्णालयात काढलं, याचं मला अजून कौतुक वाटतं.

इन्सफ्लेटरच्या पडद्यावर दोन आकडे ठळक दिसतात. एक ठरवून दिलेला दाब, दुसरा पोटातला प्रत्यक्ष दाब. कधी सिस्टर विचारते, "सर, किती ठेवू?" बहुतेकदा विचारतही नाही. बारा असतं. कुठे चौदा, कुठे पंधरा. सकाळच्या पित्ताशयाला जो आकडा लावला असेल, तोच दुपारी किडनीदात्याला लागतो.

बारा म्हणजे पाऱ्याचे बारा मिलिमीटर. रक्तदाब मोजतो तेच माप. १२० वर वावरणाऱ्या रक्तदाबापुढे बारा म्हणजे किस झाड की पत्ती, असं वाटेल, आणि धमन्यांच्या बाबतीत ते खरंही आहे. पण रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या शिरांमधला दाब मुळात एक आकडी असतो. बाहेरून बाराचा रेटा आला की त्या चेपतात. किडनीत रक्त शिरतं, पण बाहेर पडायला अडतं आणि लघवी मंदावते. दात्याला आम्ही ऑपरेशनभर सलाइन सढळ हातानं देतो त्याचं एक कारण हेच. आणि त्या वेळी पोटात दोन किडन्या असतात. एक जाणारी, एक राहणारी, जिच्यावर त्या माणसाचं पुढचं सगळं आयुष्य काढायचं असतं. दाब दोघींवर सारखाच पडतो.

खांद्याचं कोडं निराळं आहे. गॅसनं श्वासपटल वर ढकललं जातं, ताणलं जातं, चुरचुरतं. त्याची नस मानेतून निघते, आणि खांद्याच्या त्वचेच्या नसाही मानेतल्या त्याच भागातून निघतात. तक्रार श्वासपटलाची असते, पण मेंदू ती खांद्याच्या पत्त्यावर नोंदवतो.

आता एक विसंगती पाहा. ओटीच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या, दाराबाहेर, त्याच मजल्यावरच्या आयसीयूत, एखाद्या अत्यवस्थ रोग्याच्या पोटातला दाब सतत बारा किंवा त्याच्या वर राहिला तर त्याला आम्ही आजार म्हणतो. जगभर मान्य असलेल्या व्याख्येत पोटातला दाब वाढल्याची रेघ बारावरच आखलेली आहे. वीसच्या वर जाऊन अवयव थकायला लागले तर पोट उघडण्याची वेळ येते. हाच बारा ओटीत 'नॉर्मल' होतो. मला ठाऊक आहे की तिथे दिवसांचा प्रश्न असतो आणि इथे तीन तासांचा, तिथला रोगी आधीच खचलेला असतो आणि इथे धडधाकट माणूस आहे. तुलना तंतोतंत नाही. तरी एका दारापलीकडे जो आकडा पाहून फोन खणखणतात, तो दाराअलीकडे कोणी लिहूनसुद्धा ठेवत नाही, हे जरा चमत्कारिक आहे.

'धडधाकट माणूस' या दोन शब्दांवरच माझा सगळा मुद्दा उभा आहे. इतर ऑपरेशनांत आपण रोग्याला थोडं दुखवतो आणि बदल्यात त्याचा रोग घेऊन जातो. हिशोब त्याच्याच खात्यात मिटतो. दात्याच्या खात्यात फक्त खर्च पडतो. १९५४ च्या २३ डिसेंबरला बॉस्टनमध्ये रोनाल्ड हेरिकनं आपली किडनी जुळ्या भावाला दिली आणि डॉ. जोसेफ मरे यांचं नाव इतिहासात गेलं. भाऊ पुढे आठेक वर्षं जगला. रोनाल्ड एका किडनीवर २०१० पर्यंत जगला. त्या काळापासून पुढची चाळीस वर्षं दात्याच्या कुशीला वीतभराहून मोठा छेद जाई, बरेचदा शेवटच्या बरगडीचा तुकडाही काढावा लागे. नको असलेलं काहीही शरीरात नसताना हे सोसायचं. १९९५ मध्ये बाल्टिमोरला लॉइड रॅटनर आणि लुई कवूसी यांनी जिवंत दात्याची किडनी पहिल्यांदा दुर्बिणीनं काढली. दाता घरी लवकर जाऊ लागला, कामाला लवकर लागू लागला, आणि 'देऊ का नको' म्हणणाऱ्या पुष्कळांचं 'नको' गळून पडलं. दुर्बीण आणली ती दात्याचं सोसणं कमी करण्यासाठी. मग तिच्याबरोबर आलेल्या गॅसचा दाब ठरवतानाच दात्याचा विचार का थांबावा?

दाता आणि रोगी यांना एकाच मापानं मोजू नये, हे आमच्या धंद्याला एकदा फार महागात पडून कळलेलं आहे. किडनीची धमनी बंद करायला प्लॅस्टिकची एक कुलूपबंद क्लिप मिळते. कर्करोगाची किडनी काढताना ती चालते, कारण धमनीचा बराचसा खुंट रोग्याच्या शरीरात ठेवता येतो आणि क्लिपला पकड मिळते. दात्याच्या बाबतीत सर्जनला धमनीची लांबी किडनीबरोबर द्यायची असते, कारण पुढे ती शिवायची आहे. दात्याच्या पोटात उरतो आखूड खुंट. त्याच्यावरून क्लिपा निसटल्या, आणि निरोगी माणसं रक्तस्रावानं गेली. अखेर २०११ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं स्पष्ट इशारा काढला की दात्याच्या धमनीवर ही क्लिप लावायची नाही. धमनी तीच आणि हातही तेच असताना रोग्याला जे चालतं ते दात्याला चालत नाही, हे तत्त्व मान्य झालेलं आहे. मी ते फक्त गॅसच्या बटणापर्यंत न्यायला सांगते आहे.

पुरावा काय, हा प्रश्न येणारच. जिवंत दात्यांमधल्या दाबाचा सगळ्यात चिकाटीनं अभ्यास नेदरलँड्समधल्या नायमेगेन विद्यापीठाच्या रुग्णालयात झाला. त्यांनी एका गटाला सहाचा दाब ठेवला, दुसऱ्याला बाराचा, आणि दोन्ही गटांत स्नायू पूर्ण सैल राहतील अशी भूल दिली. दुसऱ्या दिवशी दात्याला एकूण किती बरं वाटतंय याचे गुण मोजले. कमी दाबाच्या बाजूला कल दिसला, पण संख्याशास्त्राच्या कसोटीला तो थोडक्यात उतरला नाही. सहावर सुरू केलेल्यांपैकी सुमारे पाव जणांचा दाब सर्जनला वाढवावा लागला. ज्यांना खरोखर कमी दाब मिळाला त्यांचा वेगळा हिशोब केला तेव्हा त्यांना जास्त बरं वाटत होतं आणि दुखणं कमी होतं. पण मूळ गटांची वाटणी मोडून केलेला असा हिशोब पुरावा म्हणून लंगडाच, हे कोणीही अभ्यासक सांगेल. बसवलेली किडनी वर्षानुवर्षं कशी चालते, यात दाबानं फरक पडल्याचं दिसलेलं नाही. तेव्हा कमी दाबानं किडनी जास्त टिकते, असं कोणी छातीठोक सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

माझ्या काही सहकाऱ्यांनी हे निष्कर्ष वाचून फाइल मिटली. फरक सिद्ध नाही, म्हणजे बारा चालू द्या. मी तेच आकडे वाचते आणि मला त्यात एवढंच दिसतं की चारातल्या तिघांना बाराची गरज पडली नाही. निम्म्या दाबात त्यांची किडनी सुखरूप निघाली. मग त्या तिघांना बारा का द्यायचा? नवं औषध आणणाऱ्यानं फायदा सिद्ध करावा, हा नियम रोग्यासाठी रास्त आहे. दात्याच्या बाबतीत सिद्ध करण्याची जबाबदारी जास्त दाब वापरणाऱ्यावर हवी. हे काही मी शोधून काढलेलं नाही. दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या युरोपातल्या सर्जनांच्या संघटनेनं २००२ मध्येच लिहून ठेवलं आहे की ठरावीक आकडा न लावता, नीट दिसेल एवढा कमीत कमी दाब ठेवावा. वीस वर्षांवर काळ लोटला. आमचा बारा जागचा हललेला नाही.

आता सर्जनची बाजू. माझा एक जुना सर्जन मित्र आहे, हात सोन्याचा, तोंड तिखट. त्याला हे सांगितलं तर म्हणाला, "तत्त्वज्ञान छान आहे गं. रीनल व्हेनला भोक पडलं तर तू आत येणार आहेस का?" रीनल व्हेन म्हणजे किडनीतून रक्त बाहेर नेणारी मोठी शीर. प्रश्न चोख आहे. निरोगी दात्याला वाचवायचं ते आधी रक्तस्रावापासून, खांद्याचं नंतर. जागा अपुरी पडली, आतडं मध्ये आलं, किडनीच्या मुळाशी रक्तवाहिन्या सोडवताना दिसेनासं झालं, तर दाब वाढवायलाच हवा, आणि वाढवायला बटण एकदा दाबावं लागतं. 'सहाच्या वर जाणार नाही' असं व्रत घेतलेला सर्जन मला नको आहे. ज्याचा हात अजून बसायचा आहे त्यानं तर हा प्रयोग दात्यावर करूच नये. माझी मागणी सुरुवातीच्या आकड्याची आहे. आठला सुरू करा, दिसत असेल तर तिथेच राहा. शिवाय जास्त दाबाची एक लबाडी सर्जनलाही ठाऊक असते. बारा-पंधराच्या रेट्याखाली लहान शिरा चेपून राहतात आणि सगळं कोरडं दिसतं. म्हणून तर शेवटी दाब मुद्दाम उतरवून कुठे झिरपतंय का ते पाहण्याची रीत आहे.

पोट सगळ्यांचं सारखं फुगत नाही, हेही इथेच सांगायला हवं. गॅस भरताना सुरुवातीच्या थोड्या दाबात बरीच जागा मिळते, आणि पोटाची भिंत ताणली गेली की पुढच्या दाबात मिळणारी भर कमी कमी होत जाते. फुगा फुगवताना शेवटी गाल दुखतात आणि फुगा मात्र तेवढाच राहतो, तसं. पिळदार पोटाच्या तरुणाला आठमध्ये भागणार नाही कदाचित. पण जिची बाळंतपणं झाली आहेत तिच्या पोटाची भिंत आधीच ताणून सैल झालेली असते. तिथे कमी दाबातही तंबू चांगला उभा राहतो. आणि आपल्या देशात किडनी देणारं माणूस बहुतेकदा कोण असतं? राष्ट्रीय अवयव प्रत्यारोपण संस्थेच्या नोंदींनुसार १९९५ ते २०२१ या काळात अवयव मिळालेल्यांत पाचातले चार पुरुष होते, आणि जिवंत दात्यांमध्ये बहुतेक बायका. आई, बायको, बहीण. म्हणजे कमी दाब ज्यांना सगळ्यात सहज मानवेल त्याच आमच्या टेबलावर सगळ्यात जास्त येतात, आणि बारा त्यांनाच लागतो.

इथवर दोष सर्जनकडे ढकलल्यासारखं झालं. अर्धा वाटा आमचा आहे, थोडा जास्तच असेल. कमी दाबात काम करायचं तर पोटाचे स्नायू पूर्ण सैल हवेत, आणि ते भूलतज्ज्ञाच्या सिरिंजमध्ये असतं. ओटीतला रोजचा संवाद असा:

"मॅडम, पोट टाइट आहे."

"दिलंय सर, आत्ताच टॉप-अप."

"तरी टाइट आहे. सिस्टर, चौदा करा."

टॉप-अप, म्हणजे स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा आणखी एक डोस, मी दिलेला असतो, पण हात राखून. भीती अशी की स्नायू सैल करणारं औषध जास्त झालं तर शेवटी माणूस श्वास घ्यायला वेळ लावेल, नळी काढता येणार नाही, आणि पुढची केस खोळंबेल. निओस्टिग्मिन हा आमचा जुना, स्वस्त उतारा खोलवर सैल झालेल्या स्नायूंवर चालत नाही. औषधाचा असर बराचसा ओसरल्यावरच तो उरलेलं काम करतो. सुगामाडेक्स नावाचं नवं औषध रोक्युरोनियम या स्नायू सैल करणाऱ्या औषधाचे कण अक्षरशः कवेत घेऊन निष्प्रभ करतं, कितीही खोल असर असला तरी. युरोपात त्याला २००८ मध्ये परवानगी मिळाली, अमेरिकेत २०१५ च्या शेवटी. पण निओस्टिग्मिनच्या मानानं ते बरंच महाग, आणि पॅकेजमध्ये बसत नाही म्हणून कपाटात नसतं. स्नायू किती सैल आहेत ते मनगटाच्या नसेला बारीक विजेचे झटके देऊन अंगठ्याच्या हालचालीवरून मोजता येतं. त्याचं छोटं यंत्र असतं. ते कित्येक ठिकाणी नसतं, आणि असलं तर बॅटरी संपलेली असते. मीही बरीच वर्षं 'अंदाजानं' भूल दिली आहे. म्हणजे सर्जननं आपली सोय पाहिली, मी माझी, आणि दोघांच्या सोयीचा भार त्या मावशींच्या पोटानं वाहिला.

आणखी एक गोष्ट, जी बाहेरच्या कोणाला दिसत नाही. जिवंत दात्याचं प्रत्यारोपण शेजारशेजारच्या दोन थिएटरांत चालतं. इकडे किडनी सुटत आली की वातावरण ताणलेलं असतं. धमनीला क्लॅम्प लागतो, कोणीतरी मोठ्यानं वेळ सांगतं, ओटीपोटाखालच्या छेदातून किडनी बाहेर येते, बर्फगार द्रावाच्या भांड्यात पडते, आणि भांडं घेऊन माणसं शेजारी धावतात. बरोबर थिएटरचा जीवही जातो. मागे उरतो दाता, टाके घालणारा रेसिडेंट आणि मी. पोटातला उरलेला गॅस नीट काढण्याची वेळ नेमकी हीच. दात्याचं डोकं थोडं खाली करायचं, पोर्टची, म्हणजे दुर्बीण आणि हत्यारं आत घालायच्या नळीची, कळ उघडी ठेवायची, आणि मी फुफ्फुसं चार-पाच वेळा सावकाश, भरपूर फुगवायची, म्हणजे श्वासपटल खाली येऊन गॅस बाहेर ढकलतं. याला खर्च शून्य. वेळ दोन मिनिटं. खांद्याचं दुखणं यानं कमी होतं हे दुर्बिणीच्या इतर ऑपरेशनांत दिसलेलं आहे. तरी ती दोन मिनिटं बहुधा कोणाकडे नसतात.

यावर पुढचा आक्षेप मला अगदी ओळखीचा आहे. दोन-तीन दिवसांच्या खांदेदुखीसाठी एवढं रामायण? दात्याचा जीव सुरक्षित आहे ना? आहे, आणि ते थोडं नाही. अमेरिकेत १९९४ ते २००९ मधल्या ऐंशी हजारांवर दात्यांच्या नोंदींत शस्त्रक्रियेनंतरच्या तीन महिन्यांत दहा हजारांमागे तीन मृत्यू होते. २०१३ ते २०२२ च्या नोंदींत ते प्रमाण दहा हजारांमागे एकाच्या खाली आलं आहे. पण मरण इतकं दुर्मीळ झाल्यावर आता दुखण्याकडे पाहायला सवड झाली पाहिजे. आणि ते दुखणं आम्ही मोजतो तरी कसं? दात्यालाच आकडा विचारून. मुलगा पलीकडच्या खोलीत असलेली आई शून्य ते दहामध्ये काय सांगेल? नवऱ्याला किडनी दिलेली बाई, जिची सासू पलंगाशेजारी बसली आहे, ती काय सांगेल? डच दात्यानं 'पाच' सांगणं आणि आमच्या मावशींनी 'दोन' सांगणं, यात कमी कोणाला दुखतंय हे मी तरी सांगू शकत नाही. आमच्याकडे असले अभ्यास केले तर फरक आणखी धूसर दिसेल, आणि त्याचाही अर्थ 'फरक नाही' असाच लावला जाईल.

केंद्र सरकारनं २०२३ मध्ये अवयव देणाऱ्या आपल्या कर्मचाऱ्यांना ४२ दिवसांची विशेष रजा मंजूर केली. चांगलं केलं. पण दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाणाऱ्या बाईला रजा कोण देणार? तिचा प्रत्येक दिवस मजुरीचा, आणि खुरपं खांद्यावर चालतं.

सांगण्याची सक्ती कायद्यात आहे, हे तर आम्ही विसरूनच गेलो आहोत. मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ चा. ४ फेब्रुवारी १९९५ ला तो सगळ्यात आधी ज्या राज्यांत लागू झाला त्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते. बाल्टिमोरच्या त्या पहिल्या ऑपरेशनचंच हे साल. किडनीचा बाजार रोखण्यासाठी केलेला हा कायदा, त्यामुळे आमचं सगळं लक्ष नातं सिद्ध करणाऱ्या कागदांवर असतं. रेशनकार्ड, लग्नाचे फोटो, समितीपुढची मुलाखत. पण त्याच कायद्याचं एक कलम म्हणतं की अवयव काढण्याचे सर्व संभाव्य परिणाम, गुंतागुंती आणि धोके दात्याला समजावून सांगितल्याशिवाय डॉक्टरनं हात लावू नये. कलमाचा क्रमांक बारा आहे, हा निव्वळ योगायोग. 'पोटात गॅस भरावा लागेल, त्यानं खांदा दुखू शकतो, दाब जमेल तितका कमी ठेवू' एवढी तीन वाक्यं त्या सहा पानांत मावली असती.

पैशाचं म्हणाल, तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपणाची मर्यादा २०२३ मध्ये अडीच लाखांवरून साडेचार लाखांवर नेली गेली. या रकमेत दात्याच्या भुलेचं औषध आणि ते मोजायचं यंत्र नावानिशी का लिहू नये? देशात वर्षाला तेरा हजारांहून जास्त किडन्या बसवल्या जातात, त्यातल्या बहुतेक जिवंत माणसांनी दिलेल्या. इतक्यांना पुरेल एवढं औषध एकगठ्ठा घेतलं तर भावही वाकतील. आणि ऑपरेशनच्या टिपणात एक ओळ वाढवावी. सुरुवातीचा दाब किती, सर्वांत जास्त किती, दहाच्या वर किती मिनिटं. याला तर रुपयाही लागत नाही. सध्या ती नोंद नसते, त्यामुळे दहा वर्षांनी कोणी विचारलं की महाराष्ट्रातल्या दात्यांना किती दाब दिला, तर उत्तर 'नेहमीचा' असंच द्यावं लागेल.

माझ्या तिखट मित्राबरोबर परवा एक दाता केली. बहिणीनं भावाला. सिस्टरनं विचारलं नाही, मीच म्हटलं, "आठ लावा." त्यानं माझ्याकडे पाहिलं, पण काही बोलला नाही. मी यंत्राची बॅटरी आदल्या रात्री बदलून ठेवली होती आणि औषधात हात राखला नव्हता. रक्तवाहिन्यांपाशी पोचल्यावर त्यानं अकरा मागितले, वीसेक मिनिटं ठेवले, आणि क्लॅम्प लागायच्या आधी स्वतःच "आठ करा" म्हणाला. मी ते आकडे भुलेच्या कागदाच्या समासात लिहिले, कारण त्यासाठी रकाना नाही. किडनी गेली, माणसं शेजारी गेली. रेसिडेंटला म्हटलं, कळ उघडी ठेव जरा. पाच मोठे श्वास दिले. गॅस फुसफुसत बाहेर आला.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात गेले. खांद्याचं विचारलं.

"थोडा आहे," ती म्हणाली.

"दहात किती?"

तिनं आधी दाराकडे पाहिलं. "दोन लिहा."